फोटो पुसायचा दिवस

दुकानातलं मशीन सुरू झालं तशी पडद्यावर एक काळी चौकट उघडली आणि लगेच मिटली. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. वृषाली हातातली अगरबत्ती तशीच धरून पडद्याकडे बघत राहिली. आता तिथे नेहमीचा गणपती होता, त्याच्या सोंडेवर नेहमीच्या फायलींची गर्दी होती, आणि सगळं इतकं शहाण्यासारखं दिसत होतं, की आपल्यालाच भास झाला म्हणून तिने सोडून दिलं असतं. पण काल सोडून दिलं होतं आणि परवाही. आज मन ऐकेना. अगरबत्तीची राख कीबोर्डवर पडली, ती तिने फुंकून उडवली आणि रविराजला फोन लावला. रविराज बारामती ते इंदापूर असा मशीनं दुरुस्त करत हिंडायचा. फोन उचलल्याबरोबर आधी चहाची चौकशी करायची, मग घरच्यांची, मग मशीनची, अशी त्याची रीत होती. आज काळी चौकट हे दोन शब्द ऐकल्यावर त्याने चहाचं नाव काढलं नाही. त्याने थेट विचारलं.

"ताई, ह्या आठवड्यात भायेरनं आलेलं कुठलं बांधलेलं फोल्डर, झिप, सोडवलंय का तुमी?"

सोडवलं होतं. मंगळवारी. फोनवर लग्नपत्रिका छापणाऱ्यांचा एक ग्रुप होता, साताऱ्यापासून सोलापूरपर्यंतची माणसं त्यात, कुणाची तोंडं कुणी पाहिलेली नाहीत. तिथे कुणीतरी नव्या पत्रिकांच्या नक्ष्या टाकल्या होत्या, मोर, तुताऱ्या, केळीचे खांब, सगळं एका गाठोड्यात दाबून बांधलेलं. लगीनसराईत फुकट मिळालेला मोर कोण सोडतो? तिने तो मशीनवर घेतला, सोडवला, आणि मोर खरोखरच चांगले निघाले. त्याच दिवशी तिने त्यातला एक छापलासुद्धा. रविराजने तिला फोनवरूनच मशीनच्या आतल्या एका जागेत जायला लावलं, जिथे ती कधी गेली नव्हती, इथे क्लिक करा, आता तिथे, आता वाचा काय दिसतंय. तिथे एक लहानशी फाइल होती. नाव अगदी साधं, सरकारी वाटावं असं. तारीख मंगळवारची.

"बघा, गाठोडं सोडताना आपण म्हंतो, सामान ह्या कोपऱ्यात ठेव. नवं सॉफ्टवेअर आपलं ऐकतंय. तुमचं जुनं हाय ना, ते गाठोड्याचं बी ऐकतंय. मोर तुमी सांगितलं तितं पडलं. आन् ही एक वस्तू गपचूप आतल्या खोलीत जाऊन बसली. आता मशीन उठलं की ती बी उठती."

"उठून काय करते?"

"काय बी करंल. तुमी काय टाइप करता ते बघंल. फायली उचलून पाठवंल. पयलं नेटची वायर काढा. पुसू नका काय, हात लावू नका. मी इंदापुरात हाय, संध्याकाळी येतो."

"काही गेलंय का, रविराज?"

"ते न्हाय सांगता येणार. गेलं असंल, नसंल बी."

तिने वायर काढली. ती काढताना टेबलाखाली वाकल्यावर डोक्याला टेबलाची कड लागली, आणि त्या दुखण्याचं तिला बरं वाटलं, निदान ते कुठे आहे हे कळत होतं. भिंतीवरच्या नेटच्या डबीतला हिरवा दिवा अजून लुकलुकत होता, वायर काढलेली त्याच्या गावीही नव्हती. तिने उठून त्याचंही बटण बंद केलं. मग पंखा बंद केला. का केला, तिला सांगता आलं नसतं. दुकान एकदम गप्प झालं, बाहेरून इंदापूरच्या गाडीचा हॉर्न आला, आणि शाईचा, गरम कागदाचा, रोज नाकाला न जाणवणारा वास आज घशाशी आला. मंगळवारपासून आजपर्यंत ती इथे बसली होती. जेवली होती, फोनवर हसली होती, आणि तेवढा सगळा वेळ हे मशीन तिच्या समोर बसून दुसऱ्याच कुणाचं तरी काम करत होतं, किंवा करत नव्हतं. हे ‘किंवा’ तिच्या छातीवर येऊन बसलं. चोरी झाली असती तर कुलूप तुटलेलं दिसलं असतं, कपाट उघडं दिसलं असतं, माणसाने डोक्याला हात लावून बसावं तरी. इथे सगळं जागच्या जागी होतं. मशीनमधल्या फोटोंतला एकही कमी झालेला नव्हता.

चूक तिचीच होती, आणि ती तिने हळदकुंकू लावून केली होती. तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला रविराज म्हणाला होता, ताई, हे गाठोडी बांधायचं-सोडायचं सॉफ्टवेअर लई जुनं झालंय, बदलून टाकू, पाच मिनिटांचं काम हाय. ती अंगावर धावून गेली होती. कारण आदल्या वर्षी असंच पाच मिनिटांचं काम म्हणून त्याने काहीतरी नवं टाकलं आणि मराठी अक्षरांचा चिवडा झाला. एका पाटलांच्या पत्रिकेवर वधूपित्याच्या नावाच्या जागी चौकोन छापले गेले, ते कुणी बघायच्या आत पाचशे पत्रिका गावोगाव गेल्या, आणि पाटील दुकानात येऊन जे बोलले ते तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तेव्हापासून नियमच झाला. तुळशीचं लग्न लागलं की पावसाळ्यापर्यंत मशीनमध्ये काही नवं टाकायचं नाही. दसऱ्याला त्याला झेंडू वाहायचा, कुंकू लावायचं आणि म्हणायचं, बाबा, सराई पार पाड. मशीनने ती पारही पाडली होती. आपल्या लाइनीतले सगळे असंच करतात, अकलूजचा तो, फलटणचा तो, सगळ्यांची मशीनं जुनी आणि कुंकवाची. पण त्यांच्याकडे पत्रिका होत्या. तिच्याकडे पोरी होत्या.

बारामतीत लग्नाचा बायोडेटा करून देणारी दुकानं पैशाला पासरी, आता तर फोनवरही होतो. तरी कऱ्हाटीच्या, कळंबच्या, निमगावच्या आया एस.टी.ने, टमटमने तिच्याकडेच यायच्या. बाईचं दुकान हाय, फोटो भायेर जात न्हाय, एवढं एकच वाक्य त्यांनी एकमेकींना सांगितलेलं होतं, आणि त्या वाक्यावर तिचं दुकान उभं होतं. फोटोही तीच काढायची. मागे निळा पडदा, बाजूला खोट्या फुलांची कुंडी. पोरी पुरुषासमोर लाकडासारख्या बसतात, इथे सैल व्हायच्या. ती सांगायची, थोडं हस, दात नको. मग त्या दातच दाखवायच्या, हसत सुटायच्या, कुणाचा पदर खांद्यावरून निसटायचा, कुणी तो दातात पिन धरून सावरायची, आणि वृषालीचं बोट कॅमेऱ्यावर चालूच असायचं, कारण चांगला फोटो त्या सगळ्या गोंधळातूनच एखादा निघतो. बायोडेटावर एकच जायचा. बाकीचे मशीनमध्ये राहायचे. स्थळ ठरेपर्यंत पुन्हा लागतात, एखाद्याला उभा हवा असतो, एखाद्याला चष्म्याशिवाय. ती ते सगळे एकेका पोरीचं गाठोडं करून, त्याला परवलीचा शब्द घालून ठेवायची, आणि आपण किती जपून असतो याचा तिला मनातून थोडा अभिमान होता. आता तिला आठवलं, की ती गाठोडी बांधायचं हत्यारही तेच होतं, ज्याने मंगळवारी दार उघडून दिलं. आणि तो परवलीचा शब्द ती रोज याच कीबोर्डवर टाइप करत होती.

फोटोचं काय एवढं, असं तिला कुणी म्हणालं असतं तर तिने त्याला कळंबला नेलं असतं. ती तिथली. कॉलेजात असताना वहिनीची मोहरीच्या रंगाची साडी नेसून तिने बसथांब्याजवळच्या स्टुडिओत एक फोटो काढला होता, दाखवायला म्हणून. स्टुडिओवाल्याला तो इतका आवडला, की त्याने तो मोठा करून दर्शनी काचेत लावला. कुणाला विचारलं नाही. इंदापूरकडची माणसं तिला बघायला यायची होती, ती त्या रस्त्याने आली आणि परत गेली. पोरगी काचेत लावलेली हाय, एवढाच निरोप आला. आप्पा, म्हणजे तिचे वडील, स्टुडिओत गेले आणि फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. घरात कुणी तिला एक अक्षर सांगितलं नाही. तिच्यासमोर सगळे बोलत होते ते उसाच्या तोडीबद्दल. पुढे लग्न होऊन ती बारामतीला आली, पोर झालं, तेव्हा एका मावशीच्या तोंडून तिला सगळं कळलं. आणि कळलं तेव्हा तिला राग आला तो स्टुडिओवाल्याचा नव्हे, न सांगणाऱ्या घरच्यांचा. त्या दिवसांत कॉलेजला जाताना ती त्या काचेसमोर रोज घटकाभर थांबायची, आपण चांगल्या दिसतो असं तिला आयुष्यात पहिल्यांदा तिथे वाटलं होतं. एके सकाळी फोटो दिसला नाही, आणि तिला वाटलं, आपल्यापेक्षा चांगला कुणाचा तरी मिळाला असेल. कितीतरी वर्षं तिला तसंच वाटत होतं. त्याचं तिला अजून रडू येई.

त्या पोरींचे चेहरे आता तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. कुणीतरी कुठेतरी बसून ते एकेक उलटून बघतंय. त्याला कऱ्हाटी ठाऊक नाही, निमगाव ठाऊक नाही, पोरगी दात दाखवून का हसली ते ठाऊक नाही. त्याला फक्त पदर दिसतोय. आजकाल फोटोचं काय काय करतात, तोंड एकीचं आणि अंग दुसरीचं, ते तिने ऐकलं होतं, ऐकून च्च केलं होतं आणि चहा प्याली होती. तिच्या पाठीला घाम फुटला. पंखा बंद आहे हे तिच्या लक्षात आलं, तो लावायला ती उठली, आणि दारात सिंधुबाई उभ्या होत्या. मागे छकुली.

आज त्या येणार हे ती विसरूनच गेली होती. सिंधुबाई कऱ्हाटीच्या, घरी वांगी-मेथीचा मळा, आणि छकुली त्यांची धाकटी. निमगाव केतकीला स्थळ ठरलं होतं, सुपारी फुटली होती, आणि आज त्या फोटो पुसायला आल्या होत्या. ही रीत कुणी पाडली कोण जाणे. कधीतरी एका आईने भीत भीत विचारलं असेल, ठरलं आता, तेवढा फोटो काढून टाकता का, आणि मग सगळ्याच येऊ लागल्या. ठेवणीतलं लुगडं नेसून, पेढे घेऊन. वृषाली पडदा त्यांच्याकडे वळवायची. पोरीचं गाठोडं कचऱ्याच्या डब्यात, मग डबा रिकामा. मशीन विचारायचं, कायमचं काढून टाकायचं का? ते ती मोठ्याने वाचून दाखवायची, आणि आई म्हणायची, व्हय. मांडवात एक वेळ रडल्या नसत्या अशा बायका इथे डोळ्याला पदर लावायच्या. वृषालीलाही त्या वेळी भरून यायचं. आपल्या हातून एक पोरगी सुखरूप पलीकडे गेली, असं काहीसं.

"पंखा का बंद ठेवलाय वो ताई? घामानं निथळताय की." सिंधुबाई स्टुलावर टेकल्या. "चला, उरकून घिऊ. हिला अजून बस्त्याचं बघायचंय. जावई ग्वाड हाय बरं का, हिच्या फोटूवरच भाळला म्हनं."

"आई," छकुली म्हणाली.

"आता लाजून काय हुतंय."

वृषालीने पडदा वळवला. हात सवयीने चालला, बाण छकुलीच्या नावावर जाऊन थांबला, आणि बोट दाबेना. दाबायचं, वाचायचं, त्या व्हय म्हणतील, पेढा देतील. संध्याकाळी रविराज येऊन ती वस्तू काढून टाकेल. गेलंच नसेल तर उगाच आग लावल्यासारखं होईल. आणि सांगितलं तर ही बातमी कऱ्हाटीच्या टमटममध्ये बसेल आणि रात्रीच्या आत कळंबला पोचेल, आणि उद्यापासून या स्टुलावर कुणी बसणार नाही. एवढंच नव्हे, निमगावची माणसंही ऐकतील. तिला स्वतःच्याच विचारांची किळस आली, कारण त्यांत निमगाव शेवटी आलं होतं.

"मावशी, थांबा जरा. एक सांगायचंय."

तिचा आवाज ऐकून सिंधुबाईंचा चेहरा बदलला. बाजारात व्यापाऱ्याने तोंड उघडायच्या आत भाव पडलाय हे ओळखणारी बाई ती. त्या मान न वळवता म्हणाल्या, "छकुले, जा, समोरनं गार पाण्याची बाटली आन." छकुली आईकडे बघत, वृषालीकडे बघत गेली. मग वृषालीने सांगितलं. मोराचं सांगितलं, आतल्या खोलीत बसलेल्या वस्तूचं सांगितलं, गेलं असेल, नसेलही, ते सांगितलं. सोपं करून सांगताना तिला वाटत होतं, यांना कळू नये. पण सिंधुबाईंना कळलं.

"कुनाकुनाला म्हायती हाय?"

"मला. आणि दुरुस्तीवाल्याला."

"मग तितंच ऱ्हाऊ द्या." त्यांनी पेढ्यांची पिशवी मांडीवर घट्ट धरली. "तुमी मला सांगितलं कशापायी, ताई? म्हायती नसतं तर मी झोपले असते. आता रोज राती मी निमगावच्या फोनची वाट बघनार. तुमचं वझं उतरलं, माझ्या डोक्यावर बसलं."

"मावशी, पण—"

"पुसा. मी व्हय म्हंते. आन् मी काय बी ऐकलं न्हाय. हिच्या म्होरं तर चकार शब्द काढायचा न्हाय."

वृषालीचं बोट पुढे झालं. रविराजने हात लावू नका म्हणून बजावलं होतं, ते तिला आठवलं आणि ती तिथेच अडली. सिंधुबाई पडद्याकडे बघतही नव्हत्या. त्या बाहेर बघत होत्या, रस्ता ओलांडून येणाऱ्या पोरीकडे, आणि ती यायच्या आत पदराने तोंड पुसून घेत होत्या. किती प्रेमाने ही बाई पोरीपासून लपवते आहे, असं वृषालीच्या मनात आलं, आणि त्या प्रेमाची तिला इतकी भीती वाटली की ती उठून उभी राहिली. छकुली आत आली. तिने बाटली आईपुढे धरली, तोच वृषाली बोलली. आईला नाही, तिला. उभ्याउभ्या, एका दमात. सिंधुबाई मधेच "अवो ताई" म्हणाल्या.

छकुलीच्या हातातली बाटली तशीच राहिली.

"कुठलं फोटू?"

"सगळे. काढलेले सगळे."

"पदर सावरतानाचं बी?"

"हो."

ती खाली बघत राहिली. बाटलीचं पाणी तिच्या बोटांवरून फरशीवर टिपकत होतं. मग तिने वर पाहिलं, तेव्हा डोळे भरलेले होते, पण आवाज सरळ होता. "मग आईला आदी कशापायी सांगत बसला? मला पानी आनाया धाडून? फोटू माजं हायत."

"चुकलं माझं."

"आन् उद्या कुठं काय आलं, माजं म्हनून कायतरी घानेरडं, तर मी काय करायचं?"

"मला फोन करायचा. कुठल्याही वेळेला. पोलिसांत जायचं, मी सोबत येईन. तुझ्या सासरी येईन. हे माझ्या दुकानातून गेलं, पोरीचा यात काही संबंध नाही, असं मी चारचौघांत सांगेन."

"गप गं," सिंधुबाई म्हणाल्या, कुणाला ते कळलं नाही. त्यांनी डोळ्याला पदर लावला होता. छकुलीने वृषालीचा फोन टेबलावरून उचलून तिच्या पुढे धरला, तिने तो उघडून दिल्यावर स्वतःचा नंबर त्यात टाकला. "ह्यो माजा. आईच्या फोनवर करू नका. तिच्या फोनवर काय बी आलं तर ती मला सांगायची न्हाय." मग तिने आईला दंडाला धरून उठवलं, आणि पुसायचं तसंच ठेवून दोघी बस्ता बघायला गेल्या. निमगावला ती सांगेल की नाही, हे ती बोलली नाही, आणि विचारायचा हक्क वृषालीला नव्हता.

ती खुर्चीत बसली. आता उरलेल्या पोरींना सांगायचं. बायोडेट्यांच्या छापील प्रती कपाटात होत्या, तिने तो गठ्ठा काढला. पहिली निकिता, कळंबची. तिची उंची होती, रंग होता, रक्तगट होता, जन्मवेळ मिनिटासकट होती, कुलदैवत होतं. खाली संपर्क होता. वडील. मामा. चुलते. तिने पुढचा कागद घेतला. वडील. थोरले बंधू. मामा. त्याच्या पुढचा. आजोबांचा नंबर होता. तिने भराभरा पानं उलटली. स्वतःच्याच हातांनी तिने हे सगळं टाइप केलं होतं, वर्षानुवर्षं, पानावर छान मध्यभागी आणून, ठळक अक्षरांत, आणि एकाही पोरीला थेट हाक मारायची सोय त्यात तिने ठेवलेली नव्हती. ते तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.  तिने निकिताचा कागद पुन्हा वर घेतला आणि पहिला नंबर लावला.

"हॅलो, कोन?" मागे पाण्याची मोटार चालू असल्याचा आवाज होता.

"मी वृषाली बोलतेय, बारामतीहून. बायोडेटावाली. जरा निकिताला फोन द्या."

"वृषालीताई व्हय! बोला की." माणूस एकदम खुलला, मोटारीचा आवाज मागे पडला, तो फोन कानाशी दाबून बाजूला आला असावा. "स्थळ आलंय का एखादं?"

तिने डोळे मिटले.

"नाही, दादा. स्थळ नाही. निकिताशीच बोलायचंय."

"तिच्याशी काय बोलायचं असतंय? मी बाप हाय तिचा. मला सांगा, मी सांगतो तिला."

"तिलाच सांगायचंय."

पलीकडून पुन्हा मोटारीचा आवाज येऊ लागला. तो फोन ठेवतोय की हाक मारतोय, हे कळेना.

"तुम्ही बोलवा तिला," वृषाली म्हणाली, "मी थांबते."